युद्धाची थिअरी शिकवताय, तर ती तपासायलाही शिकवा: सीमाभागातल्या राज्यशास्त्राच्या सर-मॅडमना खुलं पत्र

नमस्कार,

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी इकडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या सगळ्या सरांना आणि मॅडमना हे पत्र आहे, आणि हिवाळ्यात गावोगावी व्याख्यानमाला भरवणाऱ्या मंडळांनाही, कारण युद्धावरची भाषणं आमच्याकडे कॉलेजपेक्षा तुमच्या मांडवातच जास्त ऐकली जातात.

मी खानापूर तालुक्यातली. राज्यशास्त्रात एमए केलं, बाहेरून, आणि आता भरतीला उतरणाऱ्या पोरांची लेखी परीक्षेची शिकवणी घेते. ही पोरं पहाटे पाचला रस्त्यावर सोळाशे मीटरचं टायमिंग काढत पळतात आणि साताला घामेजलेल्या बनियनवरच माझ्या पडवीत येऊन बसतात. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळे घरात नसला तरी भावकीत एक तरी फौजी असतोच, माझे वडीलही हवालदार म्हणून रिटायर झाले. आमच्या गावात युद्ध म्हणजे बातमी नसते, कुणाचा तरी फोन लागत नाही ही काळजी असते. म्हणून युद्ध का होतं हे कुणी चुकीचं किंवा अर्धवट सांगितलं की मला स्वस्थ बसवत नाही, हे आधीच सांगते.

मागे एका पोराने विचारलं, "मॅडम, लढाईत दोघांचंबी नुकसानच होतंय की, मग आधीच बसून मिटवायला काय होतंय त्यांना?" बारावी झालेला पोरगा. जेम्स फिअरन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९५ मध्ये अगदी हाच प्रश्न धरून युद्धाची बार्गेनिंग थिअरी (युद्ध म्हणजे फसलेला सौदा) नीट मांडली, जी तुम्ही सगळे एमएच्या पोरांना शिकवता.

मी पोरांना ती बांधाच्या भांडणावरून सांगते. दोन चुलतभाऊ, शंभर गुंठ्यांचा तुकडा, कोर्टात गेले तर थोरल्याला साठ मिळतील धाकट्याला चाळीस असा अंदाज. पण वकील, तारखा, बेळगावच्या खेपा यात दोघांचेही दहा-दहा गुंठ्यांच्या किमतीइतके पैसे जाणार. म्हणजे थोरल्याच्या हातात शेवटी पन्नासचाच माल आणि धाकट्याच्या हातात तीसचा. मग घरी बसून थोरल्याला पन्नास ते सत्तरच्या मधलं काहीही दिलं तरी दोघंही कोर्टापेक्षा फायद्यात राहतात. भांडण महाग आहे म्हणूनच तडजोडीला जागा आहे, थिअरीचा सगळा जीव या एका वाक्यात आहे. तरीही लोक कोर्टात जातात आणि देश युद्धात जातात, तर का?

फिअरनने तीन कारणं दिली. पहिलं, आपली खरी ताकद आणि खरी तयारी फक्त आपल्यालाच माहीत असते आणि ती फुगवून सांगण्यातच फायदा असतो. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात ते बघितलंय ना तुम्ही, बाजूला उभा असलेल्याला आकडा कळत नाही, आणि ज्याला कळतो त्यालाही समोरच्याचा शेवटचा भाव कुठला हे कळत नाहीच. दुसरं, आज झालेला करार उद्या समोरचा पाळेल याची हमी कुणी द्यायची, खासकरून उद्या त्याची ताकद वाढणार असेल तर. तिसरं, काही गोष्टी वाटून घेता येत नाहीत. हे तिसरं कारण स्वतः फिअरनलाच फारसं पटलेलं नव्हतं, कारण वस्तू वाटता आली नाही तरी बदल्यात दुसरं काहीतरी देता येतंच.

इथपर्यंत तुम्ही छान शिकवता. माझी तक्रार इथून पुढची आहे.

एका व्याख्यानाला गेले होते, कुठल्या ते सांगत नाही, त्यात कुणाला दुखवायचं नाहीये. वक्त्यांनी पहिल्या महायुद्धापासून युक्रेनपर्यंत सगळी युद्धं या तीन खणांत बसवून दाखवली. हे माहितीचं, ते हमीचं, ते न वाटता येणाऱ्याचं. टाळ्या पडल्या. मी उठून विचारलं की सर, कुठलं युद्ध असं दिसलं असतं म्हणजे तुम्ही म्हणाला असता की थिअरी इथे चुकली? उत्तर आलं की थिअरी जगभर मान्य आहे, आणि लगेच आभार प्रदर्शन सुरू झालं. मी रात्री शेवटच्या वडाप जीपने घरी आले आणि झोप लागली नाही. झाल्या युद्धाला मागाहून कारण चिकटवणं सोपं आहे, कारण प्रत्येक युद्धात कुणीतरी काहीतरी लपवलेलं असतंच आणि कुणाचा तरी कुणावर विश्वास नसतोच. मग ती थिअरी नाही राहिली, ती सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली झाली, आणि तसल्या किल्लीने कुठल्याच कुलपाबद्दल काही कळत नाही.

माझं मागणं एकच आहे: पोरांना ही थिअरी उत्तर म्हणून देऊ नका, दावा म्हणून द्या, आणि युद्धाची गोष्ट सांगायच्या आधी त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या की थिअरी खरी असेल तर इथे काय दिसायला पाहिजे आणि काय दिसता कामा नये.

हे कसं करायचं ते आपल्याच पलटणीच्या गोष्टीवर दाखवते. डिसेंबर १९७१, आजच्या बांगलादेशातलं जमालपूर. आत पाकिस्तानची ३१ बलुच, बाहेर ब्रिगेडियर क्लेर यांची ब्रिगेड आणि तिच्यात १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. ९ तारखेला क्लेर यांनी मुक्तिवाहिनीच्या माणसाच्या हाती आत चिठ्ठी पाठवली की तुम्ही घेरले गेलाय, शरण या, उगाच माणसं मारू नका. आतून लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांचं उत्तर आलं, कागदात गोळी गुंडाळून. दुसऱ्या रात्री आतली फौज ढाक्याच्या दिशेने निसटायला बाहेर पडली आणि नेमकी मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली, फार माणसं पडली, उरलेले शरण आले आणि ११ तारखेला जमालपूर पडलं. ही गोष्ट आमच्याकडे रिटायर माणसांच्या तोंडून ऐकायला मिळते, आणि ती सांगताना गोळीपाशी आले की सगळे थांबतात.

आता तपासा. वरवर बघितलं तर माहितीचं कारण फिट बसतं: चिठ्ठी लिहिणारा आपली ताकद फुगवून सांगणारच, म्हणून आतल्याने विश्वास ठेवला नाही, मग लढाईने खरा आकडा दाखवला आणि शरणागती झाली. वक्ते इथे थांबले असते. खरं जरा पुढे बघा की. जो माणूस दुसऱ्या रात्री निसटायला निघाला त्याला आपण टिकणार नाही हे माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? मग ती गोळी म्हणजे अज्ञान नव्हतं, निसटायला वेळ मिळावा म्हणून आणलेला आव होता, असं धरलं तर थिअरी उलट जास्त पक्की होते, कारण ताकद फुगवून दाखवण्यातला फायदा तो हाच. आणि तिसरी शक्यता, की सैनिकाच्या इज्जतीचा प्रश्न होता आणि यात हिशेब नव्हताच, तर मग थिअरी इथे लागूच होत नाही. एकच घटना, तीन वाचनं. कुठलं खरं हे ठरवायचं तर निसटायचा बेत चिठ्ठीच्या आधी ठरला होता की नंतर, वरून हुकूम काय होता, हे शोधावं लागतं. हा शोध म्हणजे टेस्टिंग. पोरांना हे आवडतं बरं का, मी करून बघितलंय, अर्धा तास भांडत होती.

हमीच्या कारणासाठी लांब जायला नको, कित्तूर आपल्याच जिल्ह्यात आहे. १८२४ मध्ये धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने कित्तूरचा दत्तक वारस नामंजूर केला, फौज घेऊन आला, २३ ऑक्टोबरला मारला गेला. इलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन अधिकारी राणी चन्नम्मांच्या ताब्यात सापडले. युद्ध थांबेल या बोलीवर राणींनी त्यांना सोडलं आणि डिसेंबरात कंपनीच्या मोठ्या फौजेने किल्ला घेतला, हे आपण शाळेत शिकलोय. कंपनीला धाकात ठेवणारी एकच गोष्ट हातात होती आणि करार पाळायचा म्हणजे आधी तीच सोडून द्यायची, त्यानंतर समोरच्याला शब्दाने बांधून ठेवणारं काही उरतच नाही. इथे थिअरी मला पटते, मनापासून पटते. आणि ही बाजू तपासताही येते: हमीची अडचण खरी असेल तर बाहेरचा ताकदवान जामीन मिळाल्यावर करार टिकायला पाहिजेत. बार्बरा वॉल्टर यांनी गृहयुद्धांवर नेमकं हेच तपासलं आणि तिसऱ्याने सुरक्षेची हमी घेतली तिथे करार जास्त टिकले असं त्यांना दिसलं. तर असा अंदाज आधी बांधायचा आणि मग मोजायला जायचं.

पुरंदरचंही घ्या, १६६५ ला तेवीस किल्ले दिले, बारा ठेवले, आणि ४ फेब्रुवारी १६७० ला सिंहगड परत घेतला, तोच दिवस आपलं रेजिमेंट साजरा करतं. ताकदीचं पारडं बदललं की करार मोडतो, इतकं यातून सांगून पुढे जाऊ.

कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते कारगिलवर. इथे थिअरीचा पाया हलतो असं माझं मत आहे. थिअरी धरून चालते की सौद्याला दोन माणसं बसलीत, एक भारत एक पाकिस्तान. १९९८ ला दोघांनी अणुचाचण्या केल्या, म्हणजे युद्धाची किंमत आभाळाला गेली, म्हणजे तडजोडीची जागा वाढायला पाहिजे, म्हणजे युद्ध व्हायला नको. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, २१ तारखेला जाहीरनाम्यावर सह्या झाल्या, सगळं थिअरीप्रमाणे चाललं होतं. आणि त्याच हिवाळ्यात पाकिस्तानी सैन्याची माणसं कारगिलच्या टेकड्यांवर चढत होती. मग सौदा नक्की कुणाशी चालला होता? पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्याशी की सेनाप्रमुख मुशर्रफ यांच्याशी? घरातला थोरला ओसरीवर चहा देऊन बांधाचं मिटवतोय आणि धाकटा मागच्या दाराने जाऊन खुणेचा दगड हलवतोय, अशा घराशी तडजोड कशी करायची याचं उत्तर थिअरीच्या साध्या मांडणीत नाही. त्या उन्हाळ्यात आपले पाचशेच्या वर जवान गेले.

असंच काहीसं डेव्हिड लेक यांनी २००३ च्या इराक युद्धाबद्दल लिहिलंय. ते स्वतः या थिअरीच्या बाजूचे आहेत, तरी त्यांनी ती इराकवर घासून बघितली आणि ती अपुरी पडते हे मान्य केलं, मला यातला प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. सद्दामपुढे दोन गिऱ्हाईकं होती. अमेरिकेला पटवायचं होतं की माझ्याकडे महाविनाशक शस्त्रं नाहीत, आणि त्याच वेळी शेजारच्या इराणच्या मनात शंका ठेवायची होती की असतील कदाचित. दोघांना एकाच तोंडाने दोन भाव कसे सांगणार? आणि अमेरिकेने जिंकल्यानंतर देश चालवायचा खर्च जवळजवळ धरलाच नाही, म्हणजे शंभर गुंठ्यांच्या हिशेबातला तो दहाचा आकडाच चुकीचा होता. नंतर शस्त्रसाठे सापडले नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. थिअरी म्हणते नेते हिशेब करतात, आणि इराकमध्ये दिसतं की नेते समोर पुरावा असूनही स्वतःला हवा तोच हिशेब करत बसतात. हा थिअरीतला छोटा फटीएवढा दोष आहे की मूळच दुखणं आहे यावर तुम्ही वर्गात वाद लावा, मी ऐकायला येईन.

आणि अजून एक गोष्ट जी जवळपास कुणीच शिकवत नाही, ती म्हणजे न झालेली युद्धं. फक्त पेटलेली घरं बघून आगीचं कारण सांगता येत नाही, चूल सगळ्याच घरात असते. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, दोन्ही देशांच्या फौजा सीमेवर आल्या, ऑपरेशन पराक्रम, जवळपास दहा महिने समोरासमोर उभ्या राहिल्या आणि युद्ध झालं नाही. तेच दोन देश, तेच काश्मीर, अणुबॉम्ब तेच, तिकडे सेनाप्रमुखही तेच मुशर्रफ. १९९९ ला झालं आणि २००२ ला नाही झालं, का? आणि युद्ध झालं नाही म्हणून माणसं वाचली असंही पूर्ण नाही, सुरुंग पेरताना आणि काढताना माणसं गेलीच, वडील अजून त्या उन्हाळ्याबद्दल बोलायचं टाळतात. तर ही जोडी समोरासमोर ठेवून शिकवा. एरिक गार्ट्झके यांनी तर १९९९ मध्येच म्हणून ठेवलंय की जी माहिती खुद्द नेत्यांनाच समोरच्याबद्दल नसते ती बाहेरच्या अभ्यासकाला कुठून असणार, म्हणून नेमकं कुठलं भांडण पेटेल हे आधी सांगणं फार अवघड, सरासरीबद्दलच काय ते बोलता येतं. एवढं जरी पोरांना कळलं तरी टीव्हीवर "युद्ध अटळ आहे" म्हणून ओरडणाऱ्याकडे ती वेगळ्या नजरेने बघतील.

न झालेल्या युद्धाचं सगळ्यात जवळचं उदाहरण तर आपण स्वतःच आहोत, सीमाप्रश्न. मला माहितीय हा विषय वर्गात काढला की दोन्हीकडून लोक अंगावर येतात, तरी लिहिते. १९५६ पासून दोन राज्यांचं भांडण, १७ जानेवारी १९५६ ला गोळीबारात माणसं गेली, म्हणजे रक्त सांडलंच नाही असं मी कधीच म्हणणार नाही, दरवर्षी हुतात्म्यांना वंदन करायला जाणाऱ्यातली मी आहे. खरं दोन राज्यं एकमेकांवर फौजा घेऊन गेली नाहीत. का? कारण दोघांच्या डोक्यावर दिल्ली आहे, सुप्रीम कोर्ट आहे, जिथे २००४ पासून दावा पडून आहे. दोन देशांच्या डोक्यावर असं कुणी नसतं, फिअरनची गोष्ट सुरूच तिथून होते.

आणि आपल्याकडे वाटून न घेता येणाऱ्या गोष्टीची टेस्ट घेता येते ती जगात कुठे एवढी स्वच्छ मिळणार नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकात असं सुचवलं. म्हणजे गावं वाटता येत होती, आकड्यात. बेळगाव शहर आलं की थांबलं, आयोगाने ते कर्नाटकात ठेवलं, आणि महाराष्ट्राने अहवाल नाकारला. पुढे काय झालं बघा. इकडे "बेळगावसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली, तिकडे २०१२ ला सुवर्ण विधानसौध उभी राहिली, २०१४ ला शहराचं नाव बदललं. शहर मुळातच न वाटता येणारं होतं, की सत्तर वर्षं दोन्हीकडच्या बोलण्याने आणि बांधकामाने ते तसं होत गेलं? मला दुसरं खरं वाटतं. आणि ते खरं असेल तर फिअरनने तिसरं कारण फार लवकर बाजूला ठेवलं असं म्हणावं लागेल. माझं चुकत असेल, तर कसं चुकतंय ते दाखवा, जुनी वर्तमानपत्रं काढा, १९५६ आधी लोक शहराबद्दल काय मागत होते ते बघा. मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारी पोरं फक्त आपल्याच कॉलेजांत बसलीत, हे काम दुसरं कोण करणार सांगा.

तर सर, मॅडम, या वर्षी एवढं करा. व्याख्यानात वक्त्याला आधीच कळवा की शेवटची पंधरा मिनिटं "ही थिअरी कुठे चुकते" यावर बोलावंच लागेल. सेमिनार पेपरला प्रत्येक पोराला एक झालेलं युद्ध आणि एक न झालेलं युद्ध अशी जोडी द्या, आणि अंदाजाचं पान आधी जमा करून घ्या, तारीख घालून. आणि गावागावात जे रिटायर सुभेदार, हवालदार बसलेत त्यांना श्रोत्यांतून उठवून स्टेजवर बसवा, त्यांना विचारा की गोळी सुरू व्हायच्या आधी समोरच्याच्या ताकदीबद्दल तुम्हाला काय सांगितलं होतं आणि नंतर काय निघालं. यातली जुनी माणसं ऐंशीच्या घरात आहेत. १९७१ वाले तर आता बोटावर मोजण्याइतके उरलेत.

बोलावणार असाल तर रविवारी बोलवा, बाकी दिवस सकाळची शिकवणी असते. अंदाजाच्या पानांची वही घेऊन येईन, जमालपूरची पानं पोरांनी भरलीत, कारगिलची निम्मी झालीत. ज्या पोराने पहिला प्रश्न विचारला होता त्याचं मेडिकल झालंय, शेवटचा निकाल यायचाय, आणि त्याचं पान अजून कोरं आहे, म्हणतो मॅडम मला लिहायच्या आधी अजून वाचायचंय. त्याला वाचायला काय देऊ, एवढं तरी कळवा.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक शिकवणीवाली